परदेशातून: पँटोची बादली आणि आपलं रेशन

डिसेंबर लागला की आमच्या चोपड्याच्या शाळेच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास चालू होतात, एक म्हणजे भरीत पार्टीचे फोटो (कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, इथे बसून बघवत नाही हो) आणि दुसरं रेशनवरचं भांडण. फुकट धान्यामुळे लोक आळशी झाले, कापूस वेचायला मजूर मिळत नाही, बंदच करा सगळं. हे भरीत खाता खाता लिहितात, ते वेगळं.

मी राहतो बर्मिंगहॅमजवळ. नाताळात इथे गावोगावी पँटो लागतो, म्हणजे पोरांसाठीचं धिंगाणा नाटक. हिरोच्या आईचं काम दाढीवाला पुरुष करतो, भडक झगा, गालावर लाली, थेट आपल्या तमाशातली मावशी. व्हिलन मागून आला की अख्खं थिएटर ओरडतं, मागे बघ मागे बघ! गेल्या वर्षी प्रयोग संपल्यावर ही मावशी पुढे आली, विग काढला आणि साध्या आवाजात म्हणाली की आपल्याच गावात काही घरांत नाताळचं जेवण नाही, दाराशी बादल्या आहेत, जमेल ते टाका. बाहेर व्हिलन स्वतः बादली धरून उभा. मी पाच पाउंड टाकले आणि लगेच ग्रुपवर ज्ञान पाजळलं, बघा इथले लोक, शिका काहीतरी.

मग जानेवारीत दोन शनिवार, बादलीतले पैसे जिथे जातात त्या फूड बँकेत (म्हणजे अडलेल्यांना फुकट किराणा देणारं केंद्र) डबे लावायला गेलो आणि माझं ज्ञान उतरलं. तिथे असंच जाऊन चालत नाही, डॉक्टरची नाहीतर शाळेची वगैरे चिठ्ठी लागते, मग तीन दिवसांचं सामान मिळतं, बीन्सचे डबे, पास्ता, टिकाऊ दूध. एक बाई हळूच म्हणाली, वीज परवडत नाही, नुसत्या किटलीच्या पाण्यात होईल असं काही द्या. ट्रसेल ही इथली सगळ्यात मोठी फूड बँकवाली संस्था, तिच्या केंद्रांतून 2023-24 मध्ये 31 लाखांवर पार्सलं गेली. एवढ्या श्रीमंत देशात! म्हणजे ज्या बादलीचं मी कौतुक करत होतो ती सरकारनं हात काढून घेतला म्हणून धरावी लागलीय.

आपल्याकडे 2013 पासून अन्नसुरक्षेचा कायदा आहे, माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदयवाल्या म्हणजे सगळ्यात गरीब घराला 35 किलो, तेही आता फुकट, साधारण 81 कोटी लोकांना. कुणाची मावशी विग काढून मागत नाही, हक्क आहे तो. आणि आळशीपणाचं म्हणाल तर 5 किलो भागिले 30, दिवसाला 166 ग्रॅम. तेवढ्यावर कोण बसून खातं? मजूर येत नसेल तर वेचणीचा भाव वाढवून बघा ना एकदा, शेतकऱ्याला परवडत नाही हेही खरंय पण मग भांडण कापसाच्या भावाशी आहे, रेशनशी नाही.

मदतीचे प्रयोग आपल्याला नवे नाहीत. 1921 ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले होते. पण आमच्याकडे मी लहानपणी पाहिलेला 'मदतीसाठी प्रयोग' म्हणजे व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारलेली तिकिटं, पुढच्या तीन रांगा पासवाल्यांच्या, आणि नंतर किराण्याच्या एका पिशवीला आठ जणांचे हात अन मधे खाली मान घालून घेणारी म्हातारी, तोच फोटो पेपरात. इथे घेणाऱ्याचा चेहरा कुणी दाखवत नाही. एवढं मात्र मला इथून उचलून न्यावंसं वाटतं, बाकी बादली इथेच राहू द्या.

भांडायचंच असेल तर अंगठ्यावरून भांडा की. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं, आणि आता काम करून करून बोटं झिजली की रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, पुढच्या वेळी या म्हणतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाचं आलं, "तठे बी अंगठा लागस का भो?"

म्हटलं नाही, चिठ्ठी लागते. त्यानं भरिताचा फोटो टाकला.