जुना पिकअप ट्रॅकवर न्यायचाय? आधी त्या मेसेजमधली एकेक गोष्ट तपासू

गाडीवेड्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज जाम फिरतोय. थोडक्यात असा: अमेरिकेतला जुना पाऊणटनी पिकअप घ्या, 1967 ते 72 चा शेवरोले सी-20 वगैरे, चेसी मुळातच दणकट, ब्रेक मालासाठी बनलेत म्हणजे रिकाम्या गाडीला पुरून उरतात, मागचं जुनाट सस्पेन्शन उखडून फेका, एलएस इंजिन (जनरल मोटर्सचं नव्या काळातलं व्ही-8) टाका, होईल तितकी खाली करा, जुन्याच रिमवर नवीन टायर चढवा, की स्पोर्ट्स कारला घाम फोडेल. मला हे ट्रक मनापासून आवडतात, म्हणूनच लिहितोय, कारण यातल्या एकदोन गोष्टी सरळ जीवावर बेतणाऱ्या आहेत.

चेसीपासून सुरू करू. दणकट आहे, मान्य, खचाखच माल भरून खड्ड्यांतून नेली तरी मोडणार नाही. पण न मोडणं वेगळं आणि न पिळणं वेगळं. दोन लांब सी-चॅनलचे (इंग्रजी C सारखे, एका बाजूने उघडे) रेल आणि मध्ये आडवे क्रॉसमेंबर, एवढीच ती चेसी, आणि सी-चॅनल उभ्या वजनाला भारी असला तरी पिळाला कच्चा असतो. जोरात वळलात की चेसीच पिळते, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर कितीही महागाचे लावा, त्यांचं सेटिंग लागूच पडत नाही. म्हणून नीट काम करणारे लोक आधी रेलची उघडी बाजू प्लेट वेल्ड करून बंद करतात.

इंजिनाबद्दल फार भांडण नाही. अ‍ॅल्युमिनियमचं एलएस जुन्या लोखंडी बिग ब्लॉकपेक्षा (मोठ्या आकाराच्या व्ही-8 पेक्षा) शंभरेक किलो हलकं, आणि रिकामा पिकअप आधीच नाकाकडे जड, त्यामुळे पुढचं वजन उतरतं हा खरा फायदा. पण हे काम शेवटचं, पहिलं नाही.

का, ते ब्रेककडे बघितलं की कळतं. '71 पर्यंत ह्या ट्रकना चारही चाकांना ड्रम, पुढचे डिस्क त्या वर्षी आले. वेग 100 वरून 150 केला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ट्रॅकवर ती दर वळणाआधी पुन्हा पुन्हा जिरवायची असते. ड्रममध्ये उष्णता कोंडते, ड्रम तापून फुगतो, आतल्या ब्रेक शूजना जास्त लांब सरकावं लागतं, पेडल खाली खाली जातं, आणि लायनिंगची पकड जाते ती वेगळीच. बरं, 'मालासाठी बनलेत' हाच तर प्रॉब्लेम आहे! मागचे ब्रेक हौद्यात माल आहे असं धरून दिलेत. हौदा रिकामा असताना कचकन ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट पुढे येतं. त्यामुळे पुढे मोठे डिस्क आणि मागचं प्रेशर कमी करता येईल असा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, हे इंजिनाच्या आधी.

आता मागचं सस्पेन्शन, जे उखडून फेकायला सांगतायत. अहो, काय फेकताय ते तरी बघा. त्या काळातल्या बाकी पिकअपना मागे पाटे असायचे, पण शेवरोलेने 1960 पासून कॉइल स्प्रिंग आणि चेसीच्या मधोमध येऊन जोडलेले दोन लांब आर्म दिले. हीच रचना अमेरिकेतल्या नॅस्कार या कार रेसिंगवाल्यांनी उचलली, तिथे तिला ट्रक आर्मच म्हणतात, आणि वरच्या कप सिरीजमध्ये ती 2021 पर्यंत पळाली! कमजोर दुवा आहे तो आडवा पॅनहार्ड बार, म्हणजे अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा. कंपनीचा बार आखूड, त्यामुळे अ‍ॅक्सल वरखाली झाला की बारच्या कमानीत बाजूलाही सरकतो. लांब बार टाकला की हे सरकणं कितीतरी कमी होतं, नवीन बुश टाका, स्प्रिंग रिकाम्या वजनाला जुळतील अशा घ्या, आणि ते आर्म जिथे आहेत तिथेच राहू द्या.

खाली करण्याबद्दल एवढंच की अ‍ॅक्सल आणि रेलमध्ये हालचालीला जागा उरली पाहिजे, नाहीतर ऐन वळणात अ‍ॅक्सल रेलला धडकतो आणि मागची पकड एकदम सुटते. त्यासाठीच रेलला खालच्या बाजूने सी-नॉच, म्हणजे अर्धगोल खाच, कापतात.

मेसेजमध्ये नसलेली पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टाकी. ह्या मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. ट्रॅकवर जायचं तर ती तिथून काढून मागे हौद्याखाली, दोन रेलच्या मध्ये घ्या, वजनही मागे जातं.

आणि टायर. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच पाऊणटनी ट्रकना 16.5 इंची रिम असायची, तिला चांगले टायर आता जवळजवळ मिळतच नाहीत. मग कोणीतरी 16 चा टायर चढवतं. तो चढतोही, कारण त्या रिमचा उतार वेगळा आहे, पण बीड (टायरची रिमला धरणारी तारेची कड) बसत नाही, बसत नाही म्हणून माणूस अजून हवा भरतो, आणि बीड तुटून टायर तोंडावर फुटतो. यात माणसं मेलीत. रिमवर कोरलेला आकडा वाचा, 16.5 असेल तर रिमच बदला.

आपल्याकडे बोलेरो पिकअपवर हेच करायचं म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत बदल करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय.