'दोन दिवस नुसत्या पायऱ्या' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे आणि तीन तक्रारी: पायऱ्यांनी गुडघ्यांची वाट लावली, मी वाऱ्यात उभं करून पंधरा मिनिटं इतिहास ऐकवला, आणि रेस्टॉरंटात कोणी इंग्रजीत धड बोललं नाही.

पायऱ्यांचं शंभर टक्के मान्य. कॅनडातलं जुनं क्युबेक म्हणजे दुमजली गाव. वर कड्यावर तटबंदी आणि शातो फ्रोंतनाक हे भव्य हॉटेल, खाली नदीकाठी प्लास रोयाल हा चौक, जिथे शांप्लेन या फ्रेंच शोधप्रवाशाने 1608 मध्ये वस्ती केली. मधल्या एका जिन्याचं नावच कास-कू, म्हणजे मानमोड्या. मी तो रोज चढते-उतरते, म्हणून दुसऱ्याचे गुडघे डोळ्यांआड होतात. ताईंनी बुकिंग करतानाच गुडघ्यांचं सांगितलं होतं, माझ्या वहीत तशी नोंदही आहे. शेजारी 1879 पासून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढला जाणारा डबा, चालतोय, तरी मी तुम्हाला जिन्यानेच नेलं. याला सबब नाही. माफ करा. शनिवारच्या फेरीचे सगळे पैसे परत करते आहे. राहण्याचे मात्र नाही, खोलीचं आणि नाश्त्याचं तुम्हीच कौतुक केलंय.

इतिहासाबद्दल मात्र भांडणार. 'रायगडापुढे ही भिंत काहीच नाही,' असं तुम्ही लिहिलंय. रायगडापुढे कोण टिकणार! पण हा सुमारे 4.6 किलोमीटरचा तट 1870 च्या दशकात गावातल्याच लोकांना नकोसा झाला होता, रहदारीला अडचण म्हणून. काही वेशी पाडूनही झाल्या होत्या. तेव्हाचे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन आडवे आले, म्हणून तो वाचला. आपण वाऱ्यात कुडकुडलो ती गच्ची त्यांच्याच नावाची. हेच डफरिन पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय झाले. 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा तेच होते. मराठी पाहुण्यांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुढच्या वेळी आडोशाला उभं राहून सांगेन, एवढंच.

फ्रेंचचं म्हणाल तर इथली राजभाषाच ती आहे. आत शिरताना 'बोंजूर' म्हणायचं आणि मग इंग्रजीवर यायचं. जुन्या गावातले बहुतेक वेटर लगेच सांभाळून घेतात. हे मी खोलीतल्या कागदावर लिहून ठेवलं होतं. तुम्ही गेल्यावर तो कागद चहाच्या ट्रेखाली सापडला, घडीसुद्धा न मोडलेला. आता तोंडीच सांगत जाईन.

मोंमोरांसीचा धबधबा राहिला याची हळहळ मलाही आहे. उंची 83 मीटर, म्हणजे नायगारापेक्षा जास्त. ही थाप नव्हती, रुंदीचा दावा मी केलाच नव्हता. पण रविवारी सकाळी धो धो पाऊस, आणि तुम्हाला टोरोंटोपर्यंत 800 किलोमीटर गाडी हाकायची होती.

पैसे त्याच कार्डावर येतील. आणि ताईंची निळी छत्री दाराजवळ राहिली आहे. कुठे पाठवू ते मेसेज करून कळवा.