१५ वर्षांची गाडी थेट भंगारात? नाही!

“महाराष्ट्रात पेट्रोल गाडी १५ वर्षांची झाली की थेट भंगारात जाते, म्हणून १२-१३ वर्षांची गाडी घेऊच नका,” असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं ही मर्यादा दिल्ली-एनसीआरसाठी, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथेच ती कायम ठेवली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मग आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की ५ वर्षांचं नूतनीकरण. कारला फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. भाव ठरवताना हा खर्च धरूनच बोला.

पै-पै जमवून पहिली गाडी घेणाऱ्याला असं घाबरवणं मला फार खटकतं. जुनी वॅगन-आर बजेटात बसत असेल, तर वयापेक्षा तिची तब्येत बघा. सकाळी इंजिन गार असताना स्वतः स्टार्ट मारा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. डिकीतलं मॅट उचला. स्टेपनीच्या खाली वाळलेला गाळ दिसला, तर गाडी पुरात होती असं समजा. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.