बाटलीतलं पाणी आणि जैतापूर: एक खुलासा

‘जैतापूरमुळे कोकणात मिळणाऱ्या मिनरल वॉटरमध्ये किरणोत्सर्ग आहे, बाटली घेऊ नका’ असा मेसेज रत्नागिरी-राजापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं जैतापूर आधी बाजूला काढू. तिथला अणुप्रकल्प अजून उभाच राहिलेला नाही. नसलेल्या भट्टीतून गळणार काय?

किरणोत्सर्ग मात्र अगदीच खोटा नाही. जमिनीतून आलेल्या पाण्यात युरेनियम, रेडियम, पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार) यांचा अंश असतोच, खडकाकडून आलेला. ग्रॅनाइटमध्ये तो जास्त, आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टमध्ये बराच कमी. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही विरघळलेला असतो, पण तो दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो. महिनाभर गोदामात पडलेल्या बाटलीत त्याचा शंभरातला एक भागही उरत नाही.

शिवाय दुकानात आपण ‘मिनरल वॉटर’ म्हणून मागतो ते बहुतेक वेळा असतं पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, आरओतून काढलेलं. रेडियम-युरेनियम आरओत बरंचसं मागेच राहतं. खरं नैसर्गिक मिनरल वॉटर वेगळं, आणि महाग. भारतीय मानकांत दोन्हींना मर्यादा आहे: किरणोत्सर्गाच्या दोन प्रकारांपैकी लिटरमागे अल्फा ०.१ आणि बीटा १ बेकरेल. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. ७० किलोच्या माणसाच्या अंगात नुसत्या पोटॅशियम-४०चेच सुमारे ४००० बेकरेल असतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्याही.

मला स्वतःला भीती वाटते ती टपरीवर उन्हात तापलेल्या, सील सैल झालेल्या बाटलीची.