बोर्ड मेला म्हणण्याआधी दोन वायरी लावून बघा

अर्डुइनो उनो किंवा नॅनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कोड घेईनासा झाला की ठरलेला सल्ला फिरतो: चिप जळाली, चुकीच्या स्केचने (म्हणजे आपल्या प्रोग्रामने) बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून कोड घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम, उडवला, तो घरी परत भरता येत नाही, नवा बोर्ड घ्या. शेवटचं वाक्य पहिल्या तिन्हींच्या भरवशावर उभं आहे, म्हणून ती तीनच तपासू.

'चिप जळाली.' कशावरून? कोड संगणकातून निघतो, केबलमधून येतो, यूएसबी-सिरियल चिप ओलांडतो आणि मग कुठे ॲटमेगा ३२८पी या मुख्य चिपपर्यंत पोचतो. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसती चार्जिंगची केबल दिवा लावते, डेटा नेत नाही. स्वस्त नॅनोवर ही यूएसबी-सिरियल चिप बहुधा सीएच३४० असते, तिचा ड्रायव्हर पाहा. पोर्ट दिसतंय, पण कोड चढवताना 'नॉट इन सिंक' ही एरर येतंय? मग रीसेट आणि ग्राउंड वायरने जोडा, ० आणि १ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा, अर्डुइनो सॉफ्टवेअरमधला सिरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करा. अक्षरं जशीच्या तशी परत आली तर केबल, ड्रायव्हर, सीएच३४० सगळं ठीक. या चाचणीत मुख्य चिप रीसेटमध्ये गप्प बसलेली असते, हीच त्यातली गंमत.

माझ्याकडे 'मेलेला' म्हणून आलेल्या शेवटच्या नॅनोच्या ० आणि १ वर ब्लूटूथ मॉड्यूल लटकत होतं; कोडही याच पिनांवरून येतो, म्हणून ते आड येऊ शकतं. ते काढलं, तरी रडगाणं तेच. मग सॉफ्टवेअरच्या प्रोसेसर मेनूत 'ओल्ड बूटलोडर' निवडलं आणि कोड चढला. जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० च्या. वेग चुकला की दोघांना एकमेकांचं काही कळत नाही.

'चुकीच्या स्केचने बूटलोडर उडवला.' सहसा शक्य नाही. बूटलोडर चिपच्या फ्लॅश मेमरीच्या शेवटी, लिहिणं अडवणाऱ्या लॉक बिटांच्या आड असतो आणि रीसेटनंतर स्केचच्या आधी तोच चालतो. तो पुसला जातो तो 'अपलोड युजिंग प्रोग्रामर' (बूटलोडर टाळून बाहेरच्या उपकरणाने थेट चिपमध्ये लिहिणं) वापरल्यावर, कारण तेव्हा आधी अख्खी चिप पुसली जाते. स्केचमुळे अडकण्याचा एक खरा प्रकार आहे: जुन्या बूटलोडरच्या नॅनोवर कमी मुदतीचा वॉचडॉग (चिप अडकली तर तिला आपोआप रीसेट करणारा टायमर) लावला तर बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात फिरत राहतो. पण तिथेही बूटलोडर जागेवरच असतो.

'घरी भरता येत नाही.' दुसरा उनो हवा, बस. त्यावर 'अर्डुइनो आयएसपी' स्केच चढवा, म्हणजे तोच प्रोग्रामर बनतो; नंतर त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. त्याची १० नंबरची पिन आजारी बोर्डाच्या रीसेटला. ११, १२, १३ तशाच समोरच्या ११, १२, १३ ला. ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडा, आणि 'बर्न बूटलोडर' दाबा. वॉचडॉगमध्ये अडकलेला नॅनोही यानेच सुटतो. चिपची ओळख सांगणारी सिग्नेचर १ई ९५ ०एफ आली तर चिप जिवंत. सगळी शून्यं आली तर आधी वायरी हलवून बघा.

५ व्होल्टच्या पिनेत १२ व्होल्ट गेले असतील, चिपला बोट लावलं की चटका बसत असेल, तर मात्र सल्ला देणाऱ्याचं निदान बरोबर. तरी उनोवरची चिप सॉकेटमध्ये असेल तर बोर्ड टाकून देऊ नका. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून जुनी चिप काढायची आणि बूटलोडर भरलेली नवी २८ पायांची बसवायची, खाचेला खाच जुळवून.