फ्रीजरमधली हार्ड डिस्क

आमच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरतो : 'हार्ड डिस्क बंद पडली? दुकानदाराला पैसे देऊ नका. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नाही चालली तर झाकण उघडून धूळ पुसा, नाहीतर तसल्याच डिस्कची सर्किट प्लेट बसवा, मग चेकडिस्क चालवा. रिकव्हरीवाले लुटतात.' हे सगळं करून झालेल्या डिस्क सोलापूरच्या नवी पेठेत माझ्या टेबलावर येतात, म्हणून बोलतो.

फ्रीजरच्या तोडग्यात एकेकाळी थोडं तथ्य होतं. जुन्या डिस्कमध्ये बंद होताना हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, डेटाच्या तबकडीवरच टेकायचं, कधी चिकटून बसायचं, आणि गारठ्यानं क्वचित सुटायचं. आता बहुतेक डिस्कमध्ये ते तबकडीबाहेर, एका छोट्या उतारावर जाऊन बसतं. शिवाय आपल्या मे महिन्यात फ्रीजमधून काढलेली बाटली कशी ओली होते बघा. डिस्कलाही तसंच दव धरतं, आतूनसुद्धा.

झाकणाचं मात्र सविस्तर सांगतो. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. मोठ्या डिस्कची कडा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळते. हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. कापसाचा एक तंतू १० ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे त्या फटीच्या हजारो पट. आणि यंत्रमागांच्या या गावात हवेत काय उडतं ते काय सांगायचं! एका टॉवेल कारखानदारानं मागांच्या शेडशेजारच्या ऑफिसात डिस्क उघडली आणि चष्म्याच्या फडक्यानं पुसून पुन्हा चालू केली. माझ्याकडे आली तेव्हा तबकडीवर गोल ओरखडे होते. जॅकार्ड विणकामाची सगळी डिझाइन्स त्यात. खरवडलेला चुंबकी थर कुठल्याच लॅबला परत लावता येत नाही.

सर्किट प्लेट : नुसती बदलून आताच्या डिस्क सहसा चालत नाहीत. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी तिच्या प्लेटवरच्या चिपमध्ये असते, बऱ्याचदा आठ पायांच्या. ती काढून नव्या प्लेटवर लावावी लागते. हां, चुकीचा अ‍ॅडॅप्टर लावून प्लेटच जळली असेल तर हे काम होण्यासारखं असतं. पण हातात सोल्डरिंगची सफाई हवी.

चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितो. मरणाऱ्या डिस्कवर लिहायचं नसतं, आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची. तीही टकटक आवाज येत नसेल तरच. आवाज आला की लगेच वीज काढा.

राहिलं लुटण्याचं. लुटणारे आहेत, नाही म्हणत नाही. डिस्क देण्याआधी एकच विचारा : झाकण कुठं उघडणार? 'इथंच, या टेबलावर' म्हणाला, तर डिस्क उचला आणि निघा. मी उघडत नाही, क्लीन रूम, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेची खोली, असलेल्या लॅबकडे पुण्याला पाठवतो.