त्या व्हिडिओला टाळ्या देणाऱ्यांसाठी

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बाप गेम खेळत बसलेल्या मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेतो, जमिनीवर आपटतो आणि वर पायाने चिरडतो. पोरगं किंचाळतंय. खाली टाळ्यांचा पाऊस. 'असाच धडा शिकवायला हवा!' समोर कुणीतरी उभं राहून हे शूट करत होतं, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू आहे हो ते!

तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझ्या भाच्याची शाळा बदलली तेव्हाची गोष्ट. जुने मित्र सुटले, नव्या वर्गात कुणी विचारेना. पोरगा गेममध्ये शिरला आणि घरादाराने निकाल लावून टाकला, 'वाया गेला.' एका सुट्टीत मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्या हेडफोनमधून जुन्या वर्गातलीच मुलं बोलत होती. दिवसभर 'हो', 'नाही' एवढंच बोलणारा हा मुलगा तिथे खळखळून हसत होता. तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली. हा म्हणाला, 'पाच मिनिटं.' ती भडकली. आता ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उठलं की आपली टीम मार खाते, आणि बऱ्याच गेममध्ये सामना अर्धा सोडला की काही वेळ खेळूच देत नाहीत. घरी आईची बोलणी, तिकडे मित्रांची. मुलाने करायचं काय?

पण मी गेमची वकिली करायला बसलेली नाही. त्याच दिवशी मी गेममधली ती बक्षिसाची पेटीही पाहिली, 'लूट बॉक्स' म्हणतात तिला, आत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं. चकाकत उघडते, वस्तू समोरून सरकत जातात, वेग मंदावतो, दुर्मीळ वस्तू अगदी मधोमध येते आणि काटा तिच्या शेजारच्या भंगारावर थांबतो. भाच्याचा अंगठा स्क्रीनच्या वर तसाच अधांतरी. 'मावशी, थोडक्यात हुकलं गं!' थोडक्यात वगैरे काही नसतं, बाळा. काय निघणार ते आधीच ठरलेलं असतं, ते सरकणं नुसतं दाखवायला. बक्षीस कधी मिळेल हे कळत नसलं की माणूस जास्त चिकटून बसतो. जुगाराची मशीन याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमने 2018 मध्येच पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. बाकीच्यांना काय अडचण आहे?

आणि ती रोजची हजेरी! रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. भाचा तापाने फणफणला होता, डोळे उघडत नव्हते, तरी त्याने फोन मागितला. खेळायला नव्हे, नुसती हजेरी लावायला. दहा वर्षांच्या मुलाला आजारपणातही धास्ती वाटावी अशी ही रचना मोठ्या, शिकलेल्या माणसांनी बसून केलेली आहे. 'फोर्टनाइट' हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला 2022 च्या डिसेंबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेशी, 52 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. आरोप काय, तर पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली आणि नकळत खरेदी होईल अशी बटणं ठेवली. आणि आपण ओरडतो कुणावर? मुलावर.

आता कुणीतरी जागतिक आरोग्य संघटनेचा फॉरवर्ड टाकेलच. हो, 'गेमिंग डिसऑर्डर' त्यांच्या आजारांच्या यादीत आहे, 2022 पासून लागू आहे. पण पुढचं वाचा ना! खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण 12 महिने. जेवायला उशीर करणं त्यात बसत नाही. काही मुलांची झोप, शाळा, सगळंच खरोखर कोलमडतं, मान्य. त्यांना डॉक्टर लागतो, फोनचा चुरा नाही. नुसत्या बंदीचंही बघा. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी 6 ऑनलाइन गेम बंद केले. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनीच मागे घ्यायचं ठरवलं.

भाच्याला शेवटी समुपदेशकाकडे नेलं. 'किती तास खेळतोस' हा प्रश्न त्या बाईंनी आधी विचारलाच नाही. 'कुणाशी खेळतोस?' एवढंच विचारलं. पोरगा बोलायला लागला. नव्या वर्गात त्याला काय म्हणून चिडवतात ते ताईला तिथे पहिल्यांदा कळलं. ती रडली. मला आत्ता हे लिहितानाही भरून येतंय.

आता रात्री फोन बाहेरच्या खोलीत राहतो, हे त्याच्याशी बोलून ठरलंय. हजेरीचे नोटिफिकेशन बंद. ताई हाक मारायच्या आधी विचारते, 'सामना किती उरलाय रे?' भांडणं अजूनही होतात, होणारच. पण तो जेवताना बोलतो.

माझ्या यादीतले काही जण गेम बनवण्याच्याच धंद्यात आहेत, मला माहीत आहे. तुमचीही मुलं त्याच वयाची आहेत. लहान मुलांच्या गेममधून ती पेटी आणि ती हजेरी काढून टाकायला नक्की काय आड येतं, हे मला समजावून सांगा. कमेंटमध्ये नको, फोन करा. मी वाट बघतेय.